‘येस’ म्हणालेलं ग्लासगो

सप्टेंबर २०१४ मध्ये ग्लासगोत हिंडताना मान वर करून चालायची सवय लागली होती. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, यावर त्याच महिन्यात जनमत घ्यायचं होतं. तिथल्या तांबूस दगडाच्या जुन्या चारमजली इमारतींच्या खिडक्यांत ‘येस’ लिहिलेले निळे कागद चिकटवलेले. कुठे निळ्यावर पांढरी फुली असलेला स्कॉटलंडचा झेंडा. ‘नो थँक्स’ शोधावं लागे. नुसत्या खिडक्या मोजल्या असत्या तर स्कॉटलंड मतदानाआधीच स्वतंत्र झालं होतं.

माझी भाची तिथे शिकत होती आणि शहराच्या पार्टिक भागात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात खोली घेऊन राहत होती. मी उतरले तिच्याकडेच. त्या घराच्या खिडकीतही ‘येस’ होतं, पण ते फक्त आजोबांचं. आजोबांची हयात गोव्हनच्या जहाजबांधणी गोदीत गेली. तिथले लोक युद्धनौकांची कंत्राटं जातील म्हणून ‘नो’कडे झुकलेले असतील असं मला वाटलेलं, पण आजोबांना लंडनवर विश्वासच नव्हता. थॅचरबाईंचं नाव निघालं की चहाचा कप बशीवर आपटायचे. शिवाय ग्लासगोपासून तासाभराच्या अंतरावर फास्लेनला ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या उभ्या असतात, त्या त्यांना आपल्या दारात नको होत्या. आजीबाई यावर एक अक्षर बोलत नसत. आजोबा पेपर आणायला गेले की मात्र टोस्टला लोणी लावता लावता हळूच म्हणायच्या, “पौंड राहील का? पेन्शन कोण देईल?” आणि मग खरं दुखणं: “मुलगा लंडनला आहे. तो काय परदेशी होणार?”

तो मुलगा जन्माने स्कॉटिश, शिक्षण ग्लासगोतलं, पण राहतो लंडनला, म्हणून त्याला मत नाही. आणि माझ्या भाचीला, रत्नागिरीची मुलगी, भारतीय पासपोर्ट, तिला मत! मतदारयादी राहत्या पत्त्यावर होती. स्कॉटलंडमध्ये रीतसर राहणारे राष्ट्रकुलाचे नागरिक त्यात आले, युरोपीय संघातले पोलिश-इटालियनही आले, आणि सोळा वर्षांची पोरंसुद्धा. “मावशी, मी एका देशाच्या स्वातंत्र्यावर मत देणार आहे आणि मला अजून इथली थंडी सोसत नाही,” ती म्हणाली. कुणाला देणार ते तिने मला सांगितलं नाही. मी खोदून विचारलं, तरी नाही.

मतदान गुरुवारी, १८ तारखेला. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. केंद्र जवळच्या शाळेत. दाराशी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते बिल्ले लावून उभे, एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत. आपल्याकडची शंभर मीटरची रेघ, बंदूकधारी जवान, काही नाही. शाळेचा गणवेश घातलेल्या दोन मुली आत गेल्या आणि हसत बाहेर आल्या. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? शिसपेन्सिलीने फुली मारायची. शिसपेन्सिलीने! आपल्याकडे त्यावरच एक निवडणूक याचिका उभी राहिली असती. भाची बाहेर आली ती तोंड पाडून, कारण बोटाला शाई लावलीच नव्हती. फोटो कशाचा काढायचा?

रात्री दिवाणखान्यात आम्ही चौघं टीव्हीसमोर. मतदान संपल्यावर टीव्हीवाल्यांकडे एक्झिट पोलही नव्हता, त्यामुळे बराच वेळ नुसती मोकळी टेबलं बघत बसलो. पहिला निकाल मध्यरात्रीनंतर, क्लॅकमॅननशर नावाच्या चिमुकल्या भागाचा: ‘नो’ ५४ टक्के. आजोबा काही बोलले नाहीत, उठून किटली लावली. मग ऑर्कनी बेटं, जिथे तीनातल्या दोघांनी नकार दिला. डंडी शहराने मात्र ५७ टक्क्यांनी ‘येस’ म्हटलं. पहाटे ग्लासगोचा आकडा आला, ५३.५ टक्के ‘येस’. आजोबांनी मूठ वर केली आणि लगेच खाली घेतली, कारण खालीच लिहिलं होतं: मतदान ७५ टक्के. देशभर विक्रमी ८४.६ टक्के झालं आणि सगळ्यात कमी त्यांच्याच शहरात. “चौथा माणूस घरी बसला,” ते म्हणाले आणि झोपायला गेले. सहाच्या सुमाराला फाइफचा निकाल आल्यावर गणित पक्कं झालं. शेवटी ५५.३ विरुद्ध ४४.७.

मला जागं ठेवलं होतं ते वेगळ्याच आकड्यांनी. माझे आजोबा पेडण्याचे, पक्के विलीनीकरणवादी. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्याच्या जनमत कौलात त्यांनी महाराष्ट्रात जायला म्हणून फुलावर मत दिलं, आणि वेगळं राहण्याचं चिन्ह असलेली दोन पानं चौतीस हजारांवर मतांनी जिंकली. तिथला फरकही असाच, जिव्हारी लागावा इतका थोडा आणि वाद घालता येऊ नये इतका पुरेसा. आजोबा पुढे कितीतरी वर्षं कुठे किती मतं पडली ते तोंडपाठ सांगत. या आजोबांनाही ग्लासगोची टक्केवारी तशीच पाठ राहणार, याबद्दल मला शंका नव्हती.

सकाळी गाडीने एडिनबरा. तिथे ६१ टक्के ‘नो’. जिंकलेलं शहर बघायचं म्हणून मुद्दाम गेले, तर शहर ऑफिसला निघालेलं. गुलाल नको, पण एखादा हॉर्न? रॉयल माइलवर पर्यटक नेहमीसारखे मफलर विकत घेत होते. एका दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, “सुटलो,” आणि सुटे पैसे मोजायला लागला. ‘नो’ म्हणालेल्यांनी काही मिळवलं नव्हतं, जे होतं ते राहिलं होतं. त्याचा जल्लोष करणार तरी कसा? दुपारी स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख आणि ‘येस’चे पुढारी ॲलेक्स सॅमंड यांनी राजीनामा जाहीर केल्याची बातमी आली, तेव्हा बसथांब्यावरचे सगळे जण एकदमच फोनमध्ये डोकावले.

संध्याकाळी ग्लासगोला क्वीन स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडले की समोरच जॉर्ज स्क्वेअर. आठवडाभर इथे ‘येस’वाल्यांची गिटार, गाणी, झेंडे होते. आज तिथे ब्रिटनचा झेंडा, युनियन जॅक, पांघरलेले तरुण घुसले होते आणि दोन जमावांच्या मध्ये पोलिसांची रांग. घोषणा, शिव्या, कुणीतरी निळा झेंडा हिसकावला. तिथेच लॉर्ड क्लाइडचा पुतळा आहे. म्हणजे कॉलिन कॅम्पबेल, जन्म ग्लासगोचा, १८५७ चा उठाव मोडायला लखनौवर चालून गेलेला सेनापती. त्याच्या पायाशी एक मुलगी ‘स्वातंत्र्य’ लिहिलेला फलक धरून रडत उभी. कुणाचं साम्राज्य कुणी उभं केलं, हा हिशेब त्या चौकात लागणं कठीण. मी फार थांबले नाही. भाचीचे फोनवर फोन येत होते.

नंतर त्याच चौकात लोकांनी गरिबांसाठी अन्नाची रास लावली. डबाबंद सूप, पास्ता, तान्ह्या मुलांचे डायपर. आजोबाही दोन पिशव्या ठेवून आले. ‘येस’च्या टक्केवारीवरून ‘आम्ही पंचेचाळीस’ म्हणवून घेणारे आता एकमेकांना ओळखायला लागले होते आणि स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे (एसएनपी) सभासद काही महिन्यांत पंचवीस हजारांवरून लाखाच्या पुढे गेले. हरलेल्या पक्षात लोक रांगा लावून शिरतात, हे मला तरी नवल वाटलं नाही. गोव्यात कौल हरल्यावर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा विलीनीकरणवादी मगो पक्षच पुन्हा निवडून आला होता.

मे २०१५ ला ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली आणि स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा त्याच पार्टीने नेल्या. भाचीचा फोन आला.

“मावशी, आजीबाईंनी कुणाला मत दिलं माहितेय? एसएनपीला!”

“अगं, पण त्या तर ‘नो’वाल्या ना?”

“हो. म्हणाल्या, घर मोडायचं नव्हतं, पण घरात आवाज तरी चढवायला नको का? आणि आजोबांना सांगू नकोस म्हणाल्या, नाहीतर वर्षभर ऐकवतील.”