आमची वाटचाल : लग्नपत्रिकांपासून जादूच्या कॅटपर्यंत

आण्णांनी आमच्या जादूच्या पत्त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलून दिलं होतं. साल २००३. जळगावात आमचा लग्नपत्रिकांचा छोटा प्रेस, आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मुहूर्त तोंडावर, कटिंग मशीनला श्वास घ्यायला वेळ नाही. अशात एक गृहस्थ पत्त्यांचे बरेच कॅट घेऊन आले आणि म्हणाले, "यातले सव्वीस पत्ते अर्धा मिलिमीटर आखूड करून द्याल का?"

आखाजीला खान्देशात घरोघरी झोके आणि गल्लोगल्ली पत्त्यांचे डाव, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आण्णांना वाटलं, हा डावात लबाडी करायला निघालाय. "या मशीनवर गणपतीचं नाव छापलेल्या पत्रिका कापतो आम्ही," म्हणाले, आणि कॅट काउंटरवर आपटले.

मी त्या गृहस्थांना पुढच्या चहाच्या टपरीवर गाठलं. ते शाळेत गणित शिकवायचे आणि गॅदरिंगला जादूचे प्रयोग करायचे. खिशातून त्यांनी एक जुना, कडा काळवंडलेला परदेशी कॅट काढला. अंगठ्याने फर्रकन सोडला, सगळे वेगवेगळे पत्ते दिसले. मग मला म्हणाले, "थांब म्हण." मी म्हटलं. बदामाची सत्ती. परत थांबवलं, परत सत्तीच. चारदा झाल्यावर मी चहा बाजूला ठेवला.

युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. सव्वीस पत्ते वेगवेगळे, सव्वीस एकसारखे, आणि एकाआड एक लावलेले. एकसारखे पत्ते किंचित आखूड. कॅट सोडताना पत्ते जोडीजोडीने पडतात, आखूड पत्ता लांब पत्त्यामागे दडून जातो, आणि थांबाल तिथे पुढचा पत्ता सत्तीच असते. सरांचा कॅट फाटत आला होता आणि नवा मागवायचा तर परदेशातून. म्हणून ते कापणारा शोधत होते.

मी म्हटलं, रात्री या, आण्णा घरी गेल्यावर.

पहिल्या रात्री आम्ही अकरा कॅट वाया घालवले. पत्रिका कापताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर नवरदेवाला कळत नाही. पत्त्यांचं तसं नाही. गठ्ठा दाबून पातं खाली आलं की कागद थोडा सरकतो, आणि वरचा पत्ता नि खालचा पत्ता एका मापाचे उरत नाहीत. शिवाय कड कापली की कोपऱ्याची गोलाई जाते, आणि बोट लावताच कळतं की काहीतरी गडबड आहे. शेवटी सात-आठ पत्त्यांच्या थप्प्या करून कापले आणि कोपरे वेगळे गोल केले. पहाटे तीनला एक कॅट बरा निघाला. सरांनी तो पंधरा मिनिटं पिसला आणि पाकिटातून पन्नासची नोट काढली. ती नोट आण्णांना दाखवायला मला वर्ष लागलं.

पुढे बाजारातले पत्ते कापायचं सोडून आम्ही स्वतःच छापायला लागलो, आणि तिथे पत्रिकांच्या आर्ट कार्डने दगा दिला. दिव्यासमोर धरलं की पलीकडची राणी दिसायची. चांगल्या पत्त्यात दोन कागदांच्या मध्ये काळसर थर असतो, तो त्यासाठीच. तसा बोर्ड मिळवण्यात दोन वर्षं गेली. त्याचं पुराण लांबवत नाही.

खरी कलाटणी मिळाली ती तीन पत्तीमुळे. पत्त्यांच्या जादूत जुगारावरचे प्रयोग भरपूर आहेत, पण बहुतेक पोकरचे. पाच पत्त्यांचा हात उघडून जादूगार विजयी मुद्रेने उभा राहतो आणि भुसावळची मंडळी एकमेकांकडे बघतात, की आता टाळी वाजवायची का? ब्लाइंड, चाल, शो हे मात्र लहान पोरालाही कळतं. सरांनी वहीत हिशोब मांडून दाखवला : तीन पत्त्यांचे हात २२,१०० होतात, त्यात एक्क्यांची ट्रेल, म्हणजे तिन्ही एक्के, फक्त चार वेळा. "एवढी दुर्मीळ गोष्ट मागितल्याबरोबर आली पाहिजे," म्हणाले.

आम्ही सुरुवातीला चूक केली ती सगळ्यांकडूनच होते. जादूगाराला एक्क्यांची ट्रेल दिली आणि बाकीच्यांना भंगार पत्ते. प्रयोग पडला. सरांनी कारण सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. भंगार पत्ते आले तर माणूस पॅक करून मोकळा होतो. लुबाडणारा समोरच्याला वाईट पत्ते कधीच देत नाही, दुसऱ्या नंबरचे देतो. म्हणून आमच्या कॅटमध्ये प्रेक्षक स्वतः काटतात, स्वतः वाटतात, आणि एकाला कलर येतो, एकाला सिक्वेन्स, एकाला राजांची ट्रेल. राजांवाला घड्याळ काढून टेबलावर ठेवायला तयार होतो. तेव्हा एक्के उघडायचे. हे कसं घडतं ते लिहिणार नाही. पोट त्यावर आहे.

या कॅटबरोबर एक डोकेदुखीही आली. श्रावण लागला की फोन सुरू होतात. "भाऊ, खऱ्या खेळात चालेल का?" उत्तर नाही, आणि नुसतं तोंडी नाही. आम्ही कॅट मुद्दामच असा बांधला की खऱ्या डावात तो टिकू नये. त्यात दुर्री ते पंजी एकही पत्ता नाही. दुसऱ्या वाटपाला कुणाच्याही लक्षात येतं. तरी एक बहाद्दर घेऊन गेलाच. आठवड्याने गाल सुजवून परत आला आणि पैसे परत मागू लागला. डब्यावर ठळक छापलंय, "फक्त जादूच्या प्रयोगासाठी". मी ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.

२०१६ साली मात्र मार आम्हाला बसला. पत्ते जोडीने चिकटून सरकावेत म्हणून एका प्रकारच्या कॅटला खरखरीत लॅकर मारावं लागतं. आमच्या चव्वेचाळीस अंशांच्या मे महिन्यात ते बघताबघता वाळलं. दोनशे कॅट मुंबईला पाठवले, आणि जुलैच्या दमट हवेत त्यांच्या विटा झाल्या. जादूगार स्टेजवर उभा आणि हातात वीट. सगळे परत घेतले, वर कुरिअरचा खर्च आमचाच. तेव्हापासून नवं लॅकर पावसाळ्यात रत्नागिरीला मेव्हण्याच्या घरी महिनाभर ठेवून बघतो.

२०२० मध्ये लग्नंही बंद आणि प्रयोगही बंद. घरी बसलेली मुलं मोबाइलसमोर जादू शिकायला लागली, त्यांच्या छोट्या ऑर्डरींवर आम्ही तरलो. पत्रिकांचं काम त्यानंतर पूर्वीसारखं परत आलंच नाही.

कॅट मशीनवर छापला तरी पत्ते क्रमाने हातानेच लावावे लागतात. गल्लीतल्या तीन काकू दुपारी येऊन ते करतात. परवा एकीने तयार कॅट माझ्यासमोर ठेवला. "भाऊ, यातली एक सत्ती लांब आहे." मला काही दिसेना, सोडून पाहिलं तर कळेना. मायक्रोमीटर काढला. बाकीच्यांपेक्षा एक दशांश मिलिमीटर जास्त. काकू तोवर पुढचा कॅट लावायला बसल्या होत्या.