उशाशी तांब्या, डबीत खडीसाखर

रात्रीचे सव्वादोन, नाहीतर पावणेतीन. घड्याळ थोडं मागेपुढे, पण जाग ठरलेली. जीभ टाळूला अशी चिकटलेली असायची की सोडवताना 'टच्' असा बारीक आवाज यायचा. ओठ आतून दातांना चिकटलेले. उन्हात वाळलेला सांडगा कुणीतरी तोंडात ठेवून गेलंय असं वाटायचं. उशाशी तांब्या-भांडं होतंच. दोन भांडी पाणी घटाघटा प्यायचं, दहा मिनिटांत तोंड पुन्हा कोरडं, आणि तासाभराने त्या पाण्यापायी बाथरूमची फेरी. सकाळी सातच्या शाळेला मी अर्धवट झोपेतच पोचायचे.

वय एक्कावन्न, राहणार कोल्हापूर, नोकरी शिक्षिकेची. दिवसभर बोलणं, त्यामुळे घसा कोरडा पडणारच अशी मी स्वतःची समजूत घातली होती. सासूबाईंचं निदान मात्र पहिल्याच दिवशी झालं. "साखर असणार. तुझ्या वडलांना होती. तपासून घे."

घेतली तपासून. उपाशीपोटी 92, जेवणानंतर दोन तासांनी 121, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए1सी 5.5. 5.7 च्या आत म्हणजे नॉर्मल, 6.5 पासून पुढे मधुमेह, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. थायरॉइडही ठीक. रिपोर्ट सासूबाईंना वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "लॅब बदलून बघ."

मग नाक. सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका हा माझा जुना कार्यक्रम. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं. नाकातला पडदा जरा डावीकडे सरकलाय, पण असा पुष्कळांचा असतो, ऑपरेशनचं काही नाही, असं म्हणाले. नाक चोंदलं की झोपेत तोंड उघडतं आणि आत-बाहेर करणारी हवा तोंड सुकवते. हे पटण्यासारखं होतं, कारण आमच्या ह्यांनी माझा झोपेतला व्हिडिओ काढला होता. (परवानगी न घेता. त्यावर वेगळं भांडण झालं.) तोंड अर्धवट उघडं, घोरणं हलकं. मध्येच श्वास थांबतोय, मग दचकून सुरू होतोय, असं काही आहे का, हे डॉक्टरांनी तो व्हिडिओ दोनदा बघून तपासलं. तसं नव्हतं. दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का, हेही विचारलं. नाकात मारायचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरू झालं. दोन महिन्यांत नाक छान मोकळं झालं. तोंड होतं तसंच.

याच काळात भाचीने एक रील पाठवलं, तोंडाला पट्टी लावून झोपा म्हणून. मी शहाणी, लावली. अर्ध्या तासात नाक बंद झालं आणि जीव गुदमरून उठले. ओरबाडून काढलेल्या पट्टीबरोबर वरच्या ओठावरची लवही गेली, तेवढाच काय तो फायदा. डॉक्टर ऐकून चांगलेच चिडले. नाक चोंदणाऱ्या माणसाने हे मुळीच करायचं नाही, म्हणाले.

पाणी पिऊन पिऊन कंटाळले, तेव्हा मला खडीसाखर सापडली. एक खडा गालात धरला की तोंडाला पाणी सुटायचं, निदान तसं वाटायचं, आणि झोपही लागायची. स्टीलची छोटी डबी तांब्याशेजारी येऊन बसली. त्यात दोन वेलदोडेही टाकले, वासाला. रोज रात्री एक खडा, कधी दोन. जवळजवळ वर्षभर.

आता वाचणाऱ्यांपैकी कुणी दातांचं डॉक्टर असेल तर त्यांनी इथेच कपाळावर हात मारला असेल.

चहाचा घोट लागला की खालच्या दातांतून कळ यायला लागली, म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण मुलगी, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने तो दांड्याचा छोटा आरसा गालाच्या आत घातला, फिरवला, आणि काढायला गेली तर आरसा गालालाच चिकटून बसला. आरशाबरोबर गाल ओढला गेला. ती थांबली. दुसऱ्या बाजूला मुद्दाम लावून पाहिला, तिकडेही तेच.

"काकू, आरसा असा चिकटत नाही हो. लाळेवरून घसरतो. भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येतो का तुम्हाला?"

मी विचार करायला लागले. कितीतरी दिवसांत ताटाशेजारी पाणी न घेता मी जेवलेच नव्हते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

हिरडीच्या कडेला, दात जिथे मुळाशी निमुळता होतो तिथे, पाच दातांना कीड. तीन भरावे लागले, एकाचं रूट कॅनाल, एकाकडे लक्ष ठेवायचं. खडीसाखरेबद्दल सांगितलं तर तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग नीट समजावलं. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि झोपेत ती जवळजवळ बंदच होते. साखरेपासून जंतू आम्ल करतात, ते धुऊन काढणं, सौम्य करणं हे लाळेचं काम. माझी लाळ दिवसाच कमी, रात्री तर नाहीच, आणि त्यात मी रोज रात्री साखर गालात धरून झोपत होते. पाण्याने तोंड ओलं होतं, पण लाळेचा बुळबुळीतपणा पाण्यात नसतो, म्हणून दहा मिनिटांत पुन्हा कोरड.

मग तिने तो प्रश्न विचारला, जो आधीच्या सगळ्यांनीही विचारला होता. "रोजच्या गोळ्या काही?"

"काही नाही," मी म्हणाले. प्रत्येक वेळी हेच म्हणत आले होते. बीपी नाही, शुगर नाही, म्हणजे गोळ्या नाहीत.

"डोकेदुखीसाठी? झोपेसाठी? सर्दीसाठी?"

"हां, अर्धशिशीची एक घेते की. बारकी आहे, रात्री एकच."

"नाव?"

नाव ठाऊक नव्हतं. पर्समध्ये पट्टी होती. अमिट्रिप्टिलीन, 25 मिलिग्रॅम. सुरुवातीला 10 होती, दीड वर्षापूर्वी वाढवली. कोरड कधी सुरू झाली याचा हिशेब मी खुर्चीत आडवी पडल्या पडल्या केला. साधारण तेव्हाच. त्याच पर्सच्या त्याच कप्प्यात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी होती, शिंकांसाठी मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीबिठ्ठी नाही. त्यात क्लोरफेनिरामिन. लाळग्रंथींना हुकूम पोचवणारा जो रासायनिक निरोप असतो, तो ही दोन्ही औषधं अडवतात, असं ती म्हणाली. आणि मी दोन्ही झोपताना घेत होते. अर्धशिशीची गोळी देताना डॉक्टरांनी सांगितलंही होतं म्हणे, तोंड जरा सुकेल. मला आठवत नाही. डोकं ठणकत असताना कोण ऐकतं?

घरी येऊन दोन्ही पट्ट्या कचऱ्यात टाकायला निघाले होते. बरं झालं तिने बजावलं होतं, अर्धशिशीची गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांच्याकडे जा. त्यांनी महिनाभर 10 वर आणली आणि डोकं कधी, किती दुखलं ते वहीत लिहायला सांगितलं.

मधल्या काळात रात्री तीनला जागी असताना नेटवर वाचू नये ते वाचलं. तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे पडण्याचा एक आजार असतो, श्योग्रेन नावाचा, बायकांना जास्त आणि बहुतेक वेळा चाळिशीनंतर. डोळे चोळून चोळून मी ते कोरडे करून घेतले. शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी खालच्या पापणीत टीपकागदाची एकेक अरुंद पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. पट्टी किती मिलिमीटर भिजते ते मोजतात. पाचच्या खाली म्हणजे चिंता. माझी सतरा आणि एकोणीस. फॅमिली डॉक्टरांनी रक्ताची तपासणीही करून घेतली, तीही स्वच्छ. त्या रात्री कोरड होतीच, पण झोप लागली.

सर्दीची गोळी पूर्ण बंद आहे. स्प्रेवर भागतंय, धुळीच्या दिवसांत मात्र शिंका येतात आणि मी त्या देते. अर्धशिशीच्या गोळीचं तितकं सरळ झालं नाही. 10 वरून बंद केल्यावर तीन आठवड्यांत दोन जबरदस्त झटके आले, एकदा तर वर्ग अर्धवट सोडून घरी यावं लागलं. आता दुसरं औषध चालू आहे, त्याने तोंड सुकत नाही. महिन्याला एखादं डोकं दुखतं, तेवढं मी मान्य केलंय. रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, याची सवय व्हायला मला महिना लागला. झोपताना हिरड्यांवर लाळेसारखं जेल. आणि दुपारी स्टाफरूममध्ये झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम. च्युइंगमवरून पोरांना बाकावर उभी करणारी मी ते तोंडावर पदर धरून चघळते.

जाग अजून येते, पण आठवड्यातून एखाद्या वेळी. तांब्या उशाशी आहेच, सकाळी त्यातलं पाणी तसंच भरलेलं तुळशीला जातं. खडीसाखरेची डबी देवघरात गेली, सासूबाई अधूनमधून एक खडा हळूच तोंडात टाकतात. त्यांना कवळी आहे, त्यामुळे मी काही बोलत नाही.

परवा मेडिकलमध्ये बाम घ्यायला गेले, तर दुकानदाराने न विचारताच ती ओळखीची पट्टी काउंटरवर ठेवली. "मॅडम, तुमची सर्दीची. हल्ली नेत नाही ते?"