आमची वाटचाल: ऑइल पेपरपासून टॉर्क पान्यापर्यंत

गोव्यातल्या डिचोलीतलं आमचं गॅरेज खाणीचं खनिज वाहणाऱ्या टिपरांवर उभं राहिलं. त्या इंजिनांची गळती शोधायला विजेरी लागत नसे. गळत्या तेलावर खनिजाची लाल धूळ बसून जाड खपली धरायची, ती खरवडली की खाली ओली जागा सापडायची. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि कामाचं रूप पालटलं. आता दारात असतात घरच्या मोटारी, रेंट-अ-कॅब आणि पायलटांच्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्यांच्या, मोटारसायकली. तेल गळायचं मात्र तसंच चालू आहे.

सुरुवातीला पॅकिंग, म्हणजे दोन भागांच्या जोडात तेल अडवणारा पातळ थर, हातानं कापायचो. केसिंगवर ऑइल पेपर ठेवायचा, आधी समोरासमोरची दोन भोकं पाडून त्यांत बोल्ट घालायचे म्हणजे कागद सरकत नाही, मग हातोडीच्या गोल तोंडानं कडेकडेनं हलके ठोके द्यायचे. केसिंगची धारच कागद कापते. अ‍ॅल्युमिनियमवर ठोका जोरात पडला तर धार दबते आणि नवं पॅकिंग पहिल्या दिवसापासून पाझरतं. अडगळीतल्या जुन्या इंजिनासाठी ही विद्या अजून कामी येते. मोटारीच्या टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला, मात्र साच्यातलं रबरी पॅकिंगच लागतं, तिथे जुगाड नाही.

या धंद्यात वेळ वाया जातो तो चुकीच्या निदानात. तेल खाली आणि वाऱ्यानं मागे जातं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेला थेंब ब्लॉकवरून ओघळून गिअरबॉक्सच्या जोडावर टपकतो, आणि कोणीतरी क्रँकचं मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवतं. म्हणून आम्ही इंजिन थंड असताना वायरिंगचे जोड आणि अल्टरनेटर झाकून डिझेलनं धुतो, कोरडं करतो, संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवतो आणि पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवतो. पावडरीवर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जो ओला डाग उमटेल, तिथून शोध सुरू. पावसाळ्यात ही चाचणी छपराखाली, इंजिन जागेवर तापवून करावी लागते. चिखल-पाण्यात गाडी फिरवली की खूण धुऊन जाते.

पॅकिंग खराब होतं ते मुख्यतः उष्णतेनं. रबर कडक होतं, बोटानं दाबलं तर परत फुगत नाही, वाकवलं तर तडकतं. पण नवं टाकूनही दोन महिन्यांत पुन्हा गळू लागलं तर दोष बहुधा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेचा. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही. आत पाण्याचा अंश साचून तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय धरते आणि तीच ब्रीदरची नळी व व्हॉल्व्ह तुंबवते. कोंडलेला दाब मग जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर ठेवून तेलाचं झाकण काढा, तोंडावर पातळ प्लॅस्टिक धरा. ते फुगून वर उचललं जात असेल तर आधी ब्रीदर, मग पॅकिंग.

टॅपेट कव्हर उघडायचं ते इंजिन गार झाल्यावरच. कॉइल आणि ब्रीदरची नळी काढली की बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे ढिले करायचे. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीनं हलवा. स्क्रू-ड्रायव्हर खुपसला की अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि गळतीला कायमची वाट मिळते. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, बसण्याची जागा ब्रेक क्लीनरनं पुसून सुकवा. पॅकिंग खाचेत कोरडंच बसवायचं. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांना, 3 मिमी जाडीचा ठिपका. प्लगच्या नळ्यांची सीलं याच वेळी बदला. ती राहिली तर तेल प्लगच्या विहिरीत उतरतं, कॉइलचं रबर फुगतं आणि गाडी मिस मारते.

सगळीकडे सिलिकॉन फासणारे कारागीर आम्हाला पटत नाहीत. आत दाबला गेलेला जादा भाग सुटून चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या, जाळीवर अडकतो, आणि चोर्ला घाटाच्या चढणीवर ऑइल प्रेशरचा दिवा लागतो.

कव्हरचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळताना मध्यापासून बाहेर, दोन फेऱ्यांत: आधी 5, मग 8 ते 10 न्यूटन-मीटर. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांवरच्या 6 मिमी बोल्टांना एवढंच लागतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरावा. हाताच्या अंदाजानं जास्त आवळलं तर कव्हर वाकतं किंवा हेडमधले आटे निघतात. पत्र्याच्या चेंबरची तऱ्हा वेगळी: जास्त आवळल्यानं बोल्टाच्या भोकाभोवतीचा पत्रा फुगतो. तो ठोकळ्यावर ठेवून सपाट केल्याशिवाय कितीही नवं पॅकिंग टाका, पाझर राहणारच.

सिलिकॉन वाळेपर्यंत इंजिन चालू करू नये. ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यावा, पावसाळी दमटपणात तर मुळीच घाई करू नये. मग डिपस्टिकवर पातळी पाहून दहा मिनिटं आयडलवर. दोनशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा आणायला सांगतो ती पाहण्यासाठी. कॉर्कचं पॅकिंग दबून खाली बसतं, त्याला तेव्हा पाव फेरी द्यावी लागते. रबरी पॅकिंगला पाना लावायचा नाही.