खिशातला फोन, वीस पावलं आणि मनःस्थिती

उदास माणसाची चाल मंदावते हे घरच्यांनाही दिसतं. ती किती मंदावली आणि मनामुळेच का, हे फोनवरून ठरवायचं तर आधी मोजणीची पद्धत पक्की हवी. अशा प्रयोगांत सेन्सरपेक्षा या पद्धतीतच जास्त घोळ होतात.

मानसशास्त्रज्ञ योहानेस मिखालाक आणि सहकाऱ्यांनी २००९ साली नैराश्याच्या रुग्णांची चाल मोजली. वेग कमी, हातांचा झोका कमी, डोक्याची वर-खाली हालचाल कमी, पण धडाचं डावी-उजवीकडे डोलणं जास्त, असं चित्र निघालं. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचा आठवा प्रश्नही हालचालीचाच आहे. पण हालचाल संथ झाली का आणि जीव स्वस्थ बसत नाही का, या दोन उलट गोष्टी तो एकाच आकड्यात कोंबतो. फोन त्या वेगळ्या काढू शकतो, म्हणून मला हा खटाटोप मोलाचा वाटतो.

कामं साधी ठेवावीत: सरळ वीस पावलं चालणं, ३० सेकंद स्थिर उभं राहणं, आणि फोन टेबलावर ठेवून दोन बोटांनी आळीपाळीने २० सेकंद टॅप करणं. चालताना फोन रोज त्याच खिशात, स्क्रीन मांडीकडे. सैल कुर्त्याच्या खिशात तो स्वतःच झुलतो आणि चालीऐवजी त्याचंच हेलकावणं नोंदलं जातं. साडीवर किंवा बिनखिशाच्या कपड्यांवर कमरेला घट्ट पाउच बांधावा. खिशात हातांचा झोका कळत नाही, त्यासाठी फोन हातात धरून वेगळी फेरी घ्यावी. सुरुवात आणि शेवट व्हायब्रेशनने कळवावा, आणि खिशात ठेवण्या-काढण्याची दोन-दोन सेकंदं कापून टाकावीत. टॅपिंगमध्ये एकूण संख्येइतकंच दोन टॅपमधलं अंतर किती कमी-जास्त होतं हेही पाहावं. सुरुवातीचे काही दिवस सरावानेच वेग वाढतो. ते दिवस मनःस्थितीच्या खात्यात धरू नयेत.

आता डेटा. फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरच्या, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या, सेकंदाला १०० नोंदी पुरतात: चालणं सेकंदाला साधारण दोन पावलांचं, हाताचा कंप ४ ते १२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा. अँड्रॉइडवर मागितलेला दर नेमका मिळेलच असं नाही आणि नोंदींमधलं अंतर समान नसतं. प्रत्येक नोंदीचा टाइमस्टॅम्प, म्हणजे नेमकी वेळ, वापरून आधी समान अंतरावर आणा, मगच वारंवारिता काढा. टेबलावर उताणा ठेवलेला अँड्रॉइड फोन झेड अक्षावर (स्क्रीनला काटकोनातल्या दिशेत) साधारण +९.८१ मी/से² दाखवतो, आयफोन −१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत). एकके वेगळी, चिन्हही उलट! दोन्ही तसेच मिसळले की निष्कर्ष कचऱ्यात. वेबपेजवरून मोजत असाल तर आयफोनवर आयओएस १३ पासून सेन्सरची परवानगी बटण दाबल्यावरच मागता येते. आणि स्क्रीन बंद होताच नोंद थांबवणारे अँड्रॉइड फोन बरेच आहेत. फोरग्राउंड सर्व्हिस (स्क्रीन बंद असतानाही ॲप चालू ठेवणारी सोय) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हालचालीतून भावनेचा जोर कळतो, तिचा रंग फारसा कळत नाही. रागात आणि आनंदात, दोन्हींत माणूस झपझप चालतो. म्हणून ‘बरं वाटतंय की वाईट’ आणि ‘अंगात उत्साह किती’ अशा स्वतःच आकडा निवडायच्या दोन पट्ट्या द्याव्यात, त्याही चालण्याआधी. कारण चालण्यानेच मन थोडं बदलतं.

तुलना माणसाची स्वतःशीच करावी. उंचीनुसार वेग बदलतो, त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांचा मध्यक आधाररेषा म्हणून घ्या. शिवाय लिथियमने हात थरथरतात, काही अँटिसायकॉटिक औषधांनी अंग ताठरतं किंवा बसवत नाही. औषध, गुडघेदुखी, झोप आणि पायात चप्पल की बूट, एवढ्या चार नोंदी नसतील तर आलेख बघून निदान सुचवायच्या भानगडीत पडू नये.

पीएचक्यू-९ सोबत ठेवलीत, तर नवव्या, म्हणजे आत्मघाताच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं की डेटा सर्व्हरला पोहोचायची वाट न बघता त्याच क्षणी स्क्रीनवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि थेट कॉलचं बटण आलं पाहिजे, इंटरनेट नसतानाही.