ओके आलं का?

ऑफिसातल्या त्या मोठ्या मशीनवर, म्हणजे जे झेरॉक्स काढतं, प्रिंट देतं, स्कॅन करतं आणि मधूनच पेपर जॅम करून बसतं, त्यावर फॅक्स म्हणून एक बटन असतं ज्याच्याकडे सहसा कोणी ढुंकूनही बघत नाही. आम्हाला बघावं लागतं, कारण जपानमधला एक जुना कस्टमर सहीशिक्क्याचा कागद अजून फॅक्सनेच मागतो आणि त्याला मेल घ्या की राव असं सांगायची कोणाची टाप नाही. तिकडे म्हणजे २०२१ मध्ये तारो कोनो नावाच्या मंत्र्याने सरकारी ऑफिसांतले फॅक्स बंद करा म्हटलं तर खात्याखात्यातून शेकडो हरकती आल्या आणि त्याला माघार घ्यावी लागली, तिथे आमचं कोण ऐकणार.

तर ते बटन दाबून ऑप्शन्समध्ये शिरलात की यादी संपतच नाही. रिझोल्यूशन, डेन्सिटी, डिलेड सेंड, डायरेक्ट सेंड, ईसीएम, ओव्हरसीज मोड, हेडर, रिपोर्ट. नवीन मुलं हे बघून घाबरतात, मला मात्र ते वाचायला मजा येते, कारण जो ऑप्शन उघडाल त्याच्या मागे कोणाची तरी जुनी काळजी उभी असते. बिल किती येईल, मधेच लाईन कटली तर काय, भलत्याच नंबरला गेलं तर काय, आणि सगळ्यात मोठी म्हणजे, पोचलं का?

डिलेड सेंडच घ्या. आता कोणाला प्रश्न पडेल की फॅक्स उशिरा कशाला पाठवायचा, पण ज्यांनी एसटीडीचे दिवस बघितलेत त्यांना सांगायला नको, रात्री उशिरा पाव चार्ज लागायचा म्हणून पीसीओच्या पिवळ्या बोर्डाखाली जेवणं आटपून माणसं रांग लावायची, आणि मशीनला मात्र कागद खिलवून वेळ लावून दिली की ते आपलं रात्री एकटंच नंबर फिरवणार. आज टाईम डिफरन्स सोडला तर त्या ऑप्शनला काही काम नाही, तरी तो आहे. कंपन्या काढत नाहीत, आणि बरंच करतात.

रिझोल्यूशनवर मात्र जरा थांबायला हवं. स्टँडर्ड म्हणजे दर इंचाला आडवे २०४ ठिपके पण उभ्या ओळी फक्त ९८, म्हणजे उभ्या दिशेने निम्मीच बारकाई. इंग्रजी मोठ्या टायपात हे खपून जातं. मराठी पत्र स्टँडर्डवर पाठवून बघा, अनुस्वार उडालेला, रफार कुठे आहे ते शोधा, आणि कागद फीडरमधून जरासा तिरका गेला तर शिरोरेषेला पायऱ्या पडलेल्या. फाईन केलं की ओळी १९६ होतात, वेळ जास्त लागतो, पण मजकूर माणसात येतो. हा मोड बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर फोनचं मीटर होतं, आपला रफार नव्हता. मी तर म्हणतो फाईनच डीफॉल्ट करून टाका आणि विसरून जा.

मग नंबर. ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावरून लाईन असेल तर आधी झिरो, मग पॉज, मग नंबर. तो पॉज टाकला नाही तर बाहेरची टोन यायच्या आत मशीन नंबर फिरवून मोकळं होतं. काही मशीनमध्ये नंबर दोनदा टाकायला लावायची सोय असते, लोकांना तिचा भयंकर राग येतो, पण पगाराचा तक्ता परक्या ऑफिसात जाऊन पडण्यापेक्षा हे परवडलं.

स्पीडचं प्रकरण हल्ली नव्याने वर आलंय. दोन मशीन जोडली गेली की आधी ती किंचाळ्यांमधून आपसात ठरवतात, तुला काय झेपतं, मला काय झेपतं, आणि जे दोघांना झेपेल त्यावर येतात, मोठ्यात मोठा स्पीड ३३,६०० बिट्स सेकंदाला. तांब्याच्या तारेवर हे छान चालायचं. आता लँडलाईनसुद्धा फायबरवर गेल्यात, तिथे आवाजाचे तुकडे करून पाठवतात, माणसाच्या बोलण्यात एखादा तुकडा गळला तर कानाला कळत नाही पण फॅक्सचं तेवढ्यात बिनसतं. अशा वेळी सुपर जी३, म्हणजे तो मोठ्या स्पीडचा मोड, बंद करा, स्पीड ९६०० वर आणा, बहुतेक वेळा जातो. ईसीएम बंद करा असंही काही इंजिनिअर सांगतात. ईसीएम म्हणजे खराब आलेला तुकडा समोरचं मशीन परत मागून घेतं ती सोय, ती बंद केली की चट्टेपट्टे उठून का होईना पान जातं. निमंत्रणपत्रिकेला चालेल, कोटेशनला नाही. आकड्यांच्या मधली एखादी ओळच गायब झाली तर मग बसा भांडत.

आणि सगळं झाल्यावर रिपोर्ट. "मामा, फॅक्स गेला का?" "गेला ना साहेब, ओके आलंय." हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय. ओके म्हणजे फक्त समोरच्या मशीनने घेतलं, माणसाने वाचलं असं नाही, आणि मशीननेच घेतलं नाही तर काय होतं ते सगळ्या देशाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बघितलं, जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्तींचं सरकार बनवायचं पत्र राजभवनाच्या फॅक्सवर जाईना, त्याच संध्याकाळी विधानसभा बरखास्त, आणि नंतर राज्यपाल सत्यपाल मलिक म्हणाले की ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कोणी नव्हतं. कोणाचं खरं त्यात मी पडत नाही. पण त्या दिवशी अख्खा देश एका मशीनच्या ओकेवर चर्चा करत होता ही गोष्ट मला फार आवडते.

हा पुराव्याचा सोस तसा जुनाच. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं, त्याच्या आधीच १८६५ मध्ये कासेली नावाच्या इटालियन माणसाच्या यंत्राने पॅरिस ते लिऑन कागदाची नक्कल तारेवरून जायला लागली होती, आणि तिचा एक मोठा उपयोग म्हणजे बँकेच्या कामात सही खरी आहे का ते बघणं. बोलणं नंतर, सही आधी!

आमच्याकडे रिपोर्टला तीन पर्याय आहेत, कधीच नको, फक्त एरर आला तर, आणि दरवेळी. कागदाची बचत व्हावी म्हणून मी "फक्त एरर" करून ठेवतो. अकाउंट्सच्या मॅडम दुसऱ्या दिवशी ते परत "दरवेळी" करतात, वर पहिल्या पानाची छोटी इमेजपण छापायला लावतात, आणि पंच करून बॉक्स फाईलला. ॲडमिनचा पासवर्डही आता त्यांनीच बदललाय.