डॅडी, तू शेवटचा कधी गेला होतास?

रविवारी आठची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की आमच्या वसईच्या चर्चशेजारच्या शाळेत धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. माझ्याकडे चौथीची मुलं, म्हणजे यंदा पहिलं कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घेणारी. सोमवार ते शनिवार मी शाळेत चौथीच शिकवते, त्यामुळे दम देण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात फादरांनी मिस्सेत जाहीर केलं, की कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपाशी पापं कबूल करण्याच्या, धड्याला आईबापांनीही वर्गात बसायचं. जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेने 1964 सालीच कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलंय, आणि तुम्ही मात्र मुलांना गेटवर सोडून मासळी आणायला जाता, असंही वर ऐकवलं. खरं सांगायचं तर मला ते नको होतं. पालक समोर असले की मुलं पोपट होतात.

तरी पंचवीसेक जण आले. चौथीच्या बाकांत गुडघे मावेनात म्हणून पुरुष तिरके बसले होते. एका मुलीचे आईवडील ड्युटीवर, म्हणून तिची आजी आली होती. लाल लुगडं, हातात माळ, थेट पहिल्या बाकावर.

मी फळ्यावर पाच गोष्टी लिहिल्या. आपली पापं आठवणं, त्यांचं दुःख वाटणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांपाशी कबुली आणि त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त. मुलांनी एका सुरात म्हणून दाखवल्या. पालक खूश, मीही खूश.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. मी मान हलवली तर तो माझ्याकडे न बघता मागे वळला. बोलला आमच्या कादोडी बोलीत, मी साध्या मराठीत लिहिते.

"डॅडी, तू शेवटचा कधी गेला होतास?"

पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. त्याचे वडील पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जाणारे, रविवार हाच काय तो झोपेचा दिवस. 'गप्प बस' म्हणून मोकळे होतील असं मला वाटलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला.

"तुझ्या बाप्तिस्म्याच्या आधी. नऊ वर्षं झाली."

"मग काय बोलायचं ते विसरला असशील."

"विसरलोच."

पोरगा उठला, आपली वही घेऊन मागे गेला, पश्चात्तापाची प्रार्थना लिहिलेलं पान उघडून बापाच्या पुढ्यात ठेवलं आणि परत जागेवर येऊन बसला. वहीवर तेलाचा डाग होता. वडील ते पान ओठ हलवत वाचायला लागले.

मागे कोणीतरी फिसकन हसलं, तशी पहिल्या बाकावरची आजी वळली. "हसता कशाला? आमच्या वेळी सगळं लातीनमध्ये. संतांची नावं घेतली की 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं. आम्ही म्हणायचो ओरापनोबी! आमच्यासाठी विनंती करा, असा त्याचा अर्थ, हे मला पोरं झाल्यावर कळलं. पण मे महिन्यात वाडीतल्या क्रुसाजवळ प्रार्थना असली की आई आदल्या दिवशी मला तो क्रूस घासायला लावायची, नारळाच्या काथ्याने. ते नाही विसरले."

माझा धडा तिथेच आटोपला. मुलाचा बाप्तिस्मा होताना आईबापांना विचारतात, याला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेता ना? सगळेच होकार देतात. मीही दिला होता. त्या क्षणी मी पाठ फिरवून फळा पुसायला घेतला, कारण समोरच्या कोणी तोच प्रश्न मला विचारला असता तर? कुमसाराला, म्हणजे कन्फेशनला, मी शेवटची कधी गेले, तो महिना काही केल्या आठवेना. माझी सहावीतली लेक शेजारच्याच वर्गात होती आणि मधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड.

शनिवारी संध्याकाळी मुलांची कन्फेशनं होती. तो पोरगा आईबरोबर आला होता. वही बगलेत, नजर गेटकडे. "डॅडी येतोय, लोकल लेट आहे," त्याने मी न विचारताच सांगितलं.

मुलांना रांगेत लावून झाल्यावर मी शेवटी, माझ्या लेकीच्या मागे उभी राहिले. तिने वळून मला खालीवर न्याहाळलं आणि बाजूला सरकली.

"मम्मी, तू आधी जा. तुला जास्त वेळ लागेल."