अनंताची कुंडी, एक वर्ष झालं

गेल्या जूनमध्ये नर्सरीतून डबल पाकळीचा अनंत आणला, चार कळ्या होत्या, आठवड्यात चारीही गळल्या. जागा बदलली की अनंत कळ्या टाकतो हे ऐकून होते म्हणून मनावर घेतलं नाही. पण दिवाळीनंतर शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्यागार, अगदी जाळी काढल्यासारखं पान. मी शेणखत घातलं, पेंड घातली, फरक शून्य.

संक्रांतीला तासगावचे मामा आले होते, त्यांची द्राक्षबाग आहे. पान उन्हाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "खत बंद कर आता. खालची जुनी पानं पिवळी असती तर नत्र म्हटलं असतं, हे शेंड्याला आलंय म्हणजे लोह. पाणी कुठलं घालतीस?"

बोअरचं! सांगलीत आमच्या बोअरचं पाणी असं आहे की हीटरच्या कॉइलवर महिन्याभरात पांढरा थर बसतो. तीच चुनखड कुंडीत साचत होती, मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नव्हतं. अनंताला आंबट माती लागते, पीएच साधारण 5 ते 6, आपली काळी माती कुठल्या कुठं वर.

मग फेब्रुवारीत कुंडी बदलली, लाल माती, कोकोपीट, कुजलेला पाला, खाली निचऱ्याला विटांचे तुकडे. मामांनी चिलेटेड लोह दिलं, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, त्यातलं ईडीडीएचएवालं, लालसर पावडर असते. घेताना हे नाव बघूनच घ्या, ईडीटीएवालं स्वस्त मिळतं पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. आणि पाणी एसीच्या पाइपचं, रोज बादली लावून ठेवते, त्यात क्षार जवळपास नसतातच. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही घालू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

मार्चअखेर पहिलं पूर्ण हिरवं पान आलं, चकचकीत, मी तर फोटोच काढून मामांना पाठवला. पिवळी झालेली जुनी पानं काही सगळी सुधारली नाहीत, ती गळू दिली.

मेमध्ये नऊ कळ्या. अनंताची कळी उमलायच्या आधी पिळा घातल्यासारखी असते, हिरवी कड आणि आत पांढरं, संध्याकाळी तो पीळ सैल झालेला दिसला आणि रात्री जिन्यापर्यंत वास! दोन कळ्या गळल्या, ते दोन दिवस मी गावाला होते, माती पार सुकली होती. बाकी सात फुलल्या.

आता बहर संपला की लगेच हलकी छाटणी, उशीर केला तर पुढच्या कळ्या कापल्या जातात. छाटलेल्या फांद्यांच्या कलमा पावसातच लावणार, आणि पन्हाळीखाली ड्रम ठेवलाय, यंदा पावसाचं पाणी साठवायचंच.

शेवटचं फूल तिसऱ्या दिवशी पिवळसर पडलंय, वास अजून तसाच आहे, म्हणून खुडलं नाही.